आण्णाप्पांनी पिकवलेलं सीरम

निपाणीत नाक म्हटलं की आण्णाप्पांचं. चाळीस वर्षं त्यांनी तंबाखूच्या वखारीत पारखी म्हणून काढली. चिमूटभर जर्दा तळहातावर चुरायचा, डोळे मिटायचे, हात नाकाशी न्यायचा आणि सांगायचं, "कोगनोळीचा माल. दोन रात्री दवात पडलाय." शेतकरी खाली बघायचा, व्यापारी आढ्याकडं बघायचा आणि भांडण तिथंच मिटायचं. वखार सोडून दहा वर्षं झाली तरी मालावरनं वाद झाला की अजून त्यांनाच बोलावणं येतं. त्या बोलावण्यासाठी आण्णाप्पा रोज सकाळी धुतलेली टोपी घालून तयार असतात. बोलावणी बंद झाली तर हा माणूस आठ दिवसांत अंथरूण धरेल, असं त्यांची बायको लक्ष्मीबाई म्हणते, आणि ती बाई उगाच काही बोलत नाही.

बोलावण्याची वाट बघायची त्यांची जागा म्हणजे माझ्या मेडिकलच्या दुकानातला बाक. मी अभिनंदन. बेळगावात फार्मसी शिकून आलो, तेव्हापासून या काउंटरमागं आहे. मला राग लवकर येतो हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. कुणी येऊन "ती मागच्या वेळची पिवळी गोळी द्या" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आण्णाप्पांपुढं मात्र माझं काही चालत नाही. पूर्वी ते खोकल्याच्या औषधाचं बूच उघडून हुंगायचे आणि अडुळसा कमी पडलाय म्हणून कंपनीला माझ्या गिऱ्हाइकांसमोर नापास करायचे. गेली तीन-चार वर्षं ते बंद झालं होतं. "आता डोळ्यालाच कळतंय," म्हणायचे. सुटलो एकदाचा, म्हणून मी खूश होतो. का बंद झालं, हे विचारायचं काही मला सुचलं नाही.

एके दिवशी ते दुकानात शिरले ते हातात ड्रॉपरची बाटली नाचवतच.

"अभी, पोरीनं आजीला ॲसिड आणून दिलंय! तोंडाला लावायला!"

पोरगी म्हणजे त्यांची नात प्रणिता, बेळगावात बँकेत असते. आजीच्या दोन्ही गालांवर वांग आहेत. सदलग्याच्या जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा होती, त्यात आण्णाप्पा आणि लक्ष्मीबाईंना जोडप्यानं बसायचा मान मिळाला होता, आणि मान मिळाला म्हणजे फ्लेक्सवर फोटो आलाच. फोटो दहा फुटी म्हणजे वांगही दहा फुटी, असा लक्ष्मीबाईंनी हिशेब मांडला. म्हणून नातीनं व्हिटॅमिन सी सीरम आणलं.

आण्णाप्पांना मुळात हेच पटत नव्हतं. तंबाखूच्या पानावर तांबूस ठिपके उठले की पान पिकलं असं समजतात, ठिपक्याशिवायचं पान कच्चं. "चाळीस वर्षं ऊन खाल्लं तवा कुठं ह्या बाईवर ठिपके आले," ते मला म्हणाले. "आणि नात म्हणतिया पुसून टाका." हेच ते घरी बोलले होते. त्यावर लक्ष्मीबाईंनी "मी काय तंबाखू हाय व्हय?" म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

मी बाटली घेतली, चष्मा चढवला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. आण्णाप्पांना मराठी येतं, कानडी येतं, इंग्रजी मात्र बसच्या पाटीपुरतं.

"पहिलं नाव, पाणी. जे जास्त ते आधी लिहितात."

"म्हंजे सगळ्यात जास्त पाणीच? अरं, आमच्यात मालावर पाणी मारलं तर उभं करत न्हवते दारात!"

"अण्णा, ऐका. दुसरं ॲस्कॉर्बिक ॲसिड. हेच व्हिटॅमिन सी. आवळ्यात असतं, लिंबात असतं. संडास धुवायचं ॲसिड वेगळं."

"बरं."

"तिसरं फेरुलिक ॲसिड. भाताच्या कोंड्यात असतं. चौथं टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई. ही दोघं त्या सी-ला सांभाळतात. मग सोडियम हायलुरोनेट. ते कातडीत ओल धरून ठेवतं."

"हे कशातनं काढत्यात?" आण्णाप्पांनी डोळे बारीक केले. जैन माणसाचा हा प्रश्न येणारच. पूर्वी हे रसायन कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, असं मी कॉलेजात शिकलो होतो. ते मी गिळलं आणि बाटलीवरचा हिरवा ठिपका दाखवला. "आता टाकीत तयार करतात. आणि शेवटचं फिनॉक्सीइथेनॉल, बुरशी धरू नये म्हणून."

आण्णाप्पांनी बोटांवर मोजत सगळं जुळवलं. "म्हंजे मालक एक, राखणदार दोन, एक पाणक्या आणि एक बुरशीवाला. मालकाला राखण कशाला लागतिया?"

"हवा लागली, ऊन लागलं की रंग बदलतो त्याचा. तांबूस होतो."

"तांबूस होतो?" त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"होतो म्हणून तर..." मी पुढं सांगणार तेवढ्यात कुणीतरी आलं आणि पिवळी गोळी मागितली. माझं डोकं फिरलं. मी त्याच्याशी भांडून मोकळा होईपर्यंत आण्णाप्पा बाटली घेऊन गेले होते. जाताना बाटली उजेडात धरून म्हणालेले मी अर्धवट ऐकलं, "कच्चा हाय माल. रंगच धरला न्हाय अजून."

ऊन लागलं की तांबूस होतो. हे वाक्य तंबाखूच्या माणसाला सांगायचं आणि पुढचं 'खराब होतो' पोटात ठेवायचं, ही माझी चूक. आपली चूक कबूल करताना मला जास्तच राग येतो, तर तो तसा आला असं समजा.

पुढचं मला नंतर कळलं. आण्णाप्पांनी बाटली गच्चीवर नेली. सकाळी पूर्वेकडं, दुपारनंतर पश्चिमेकडं, अशी ती फिरवत ठेवली, आणि हवा लागावी म्हणून बूच सैल केलं. तीन आठवड्यांत सीरम गुळाच्या पाकासारखं झालं. मग त्यांनी ते खाली आणलं, दोन थेंब तळहातावर घेतले, डोळे मिटले, नाकाशी नेले आणि निकाल दिला, "आता पिकलं. लाव."

लावायला लागल्यापासून बाराव्या दिवशी लक्ष्मीबाई पदरानं तोंड झाकून माझ्या दुकानात आल्या. बाकावर साईराज बसला होता. तरुण व्यापारी, खिशात जर्द्याची पुडी. एका शेतकऱ्याशी त्याचा वाद लागला होता आणि आण्णाप्पांच्या शब्दावर मिटवायचं ठरलं होतं. लक्ष्मीबाईंनी पदर बाजूला केला. गाल लाल, त्यावर हळद लागल्यासारखे नारिंगी पट्टे.

"फोटो चार दिवसांवर आलाय रं," त्या म्हणाल्या आणि बाटली काउंटरवर ठेवली.

मी बूच उघडलं आणि मान मागं घेतली. खवट शेंगदाण्यात गंजका खिळा घालून ठेवावा तसा वास. बाकावर बसलेल्या साईराजनंसुद्धा रुमाल काढला.

नेमके तेव्हाच आण्णाप्पा पायरी चढून आत आले, आणि मी भडकलो. "अण्णा, हे नासलंय! उन्हात ठेवलंत? अहो, तांबूस झालं की फेकून द्यायचं असतं! आणि हा वास... एवढा वास मारतोय, तुम्हाला आला नाही?"

आण्णाप्पांचा हात टोपीकडं गेला, तिथंच राहिला. साईराज एकदा त्यांच्याकडं, एकदा बाटलीकडं बघायला लागला. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी काय विचारलंय ते. खोकल्याच्या औषधाची बुचं, चार वर्षांपूर्वीचा कोरोना, 'डोळ्यालाच कळतंय'... सगळं एकदम लक्षात आलं.

"त्यांनी सांगिटलंतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. आवाज अगदी ठाम. "वास लागलाय, लावू नको म्हणून धा बार सांगिटलं. मीच ऐकलं न्हाय. फोटोची हौस."

आण्णाप्पांनी बायकोकडं पाहिलं. मी कपाटातली धूळ झटकायला लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

साईराज बिचारा साधा. त्यानं पुडी उघडून पुढं केली, "अण्णा, एवढं बघा की. सदलग्याचा माल हाय."

आण्णाप्पांनी चिमूट घेतली. उजेडात धरली, बोटांनी चुरली, सवयीनं नाकापर्यंत नेली. मग थांबले. तळहात तसाच लक्ष्मीबाईंच्या समोर धरला.

"आज तू बघ गं."

"मी?"

"बघ म्हटलं न्हवं?"

लक्ष्मीबाई वाकल्या, एकदाच वास घेतला. "तळाची थप्पी हाय. ओल लागल्या, बुरशी धरत्या आता."

"मी त्येच म्हणणार हुतो," आण्णाप्पा म्हणाले.

"आक्कांना कळतंय?" साईराज चकित झाला.

"चाळीस वर्षं माझी वखारीतली कापडं कुणी धुतली? माल ओला कुठला, वाळका कुठला, मला दुपारी कळायचं, हिला संध्याकाळी." एवढं बोलून ते साईराजबरोबर वखारीकडं निघाले. पायरीवर थांबून मागं वळून म्हणाले, "तोंडाचं औषध घे आणि तू बी ये तिकडं."

मी लक्ष्मीबाईंना साध्या पाण्यानं तोंड धुवायला सांगितलं, कोरफडीची जेल दिली, दोन दिवसांत लाली उतरली नाही तर डॉक्टरांकडं जा म्हणालो. त्या निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही.

"आक्का, तुम्हाला तर पहिल्याच दिवशी वास आला असेल."

"आला की. जेवण जाईना."

"मग बारा दिवस लावलंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच पिवळी गोळी मागितली होती. "त्यांनी हुंगून पास केलंतं. वास येतोय म्हटलं असतं तर त्यास्नी कळलं असतं, मला म्हायत हाय म्हणून. आमटी करपली तरी मी आधी ओरडते, त्यांच्यावर पाळी नको यायला. चार वर्षं झाली." पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "तुला बी म्हायत न्हाय. काय?"

"काय म्हायत न्हाय?" मी म्हणालो.

"शाणा हाईस," म्हणून त्या वखारीच्या रस्त्याला लागल्या.

लाली दोन दिवसांत गेली, फोटो निघाला, आणि पूजेच्या दिवशी आम्ही सगळे सदलग्याला गेलो. वेशीवरच फ्लेक्स. फ्लेक्स करणाऱ्यानं लक्ष्मीबाईंचा चेहरा इतका घासून गुळगुळीत आणि पांढरा केला होता, की सीरमच्या दहा बाटल्यांनी झालं नसतं. वांग नाहीत, सुरकुत्या नाहीत, नाकही निम्मंच उरलेलं. लक्ष्मीबाई मान तिरकी करून बघत राहिल्या. त्यांना आवडलं असावं असं मला वाटलं.

आण्णाप्पा जवळ गेले. खालून वरपर्यंत, दोन्ही गाल, सावकाश पाहिले. मग मागं येऊन बायकोच्या शेजारी उभे राहिले.

"ह्यो माल आमचा न्हाय," ते म्हणाले. "आणि हे सांगायला नाक लागत न्हाय."

लक्ष्मीबाईंनी चटकन त्यांच्याकडं पाहिलं. ते फ्लेक्सकडंच बघत होते. मग लक्ष्मीबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं, आणि ठिपक्यांसकट सगळा चेहरा हसला.