रुखवतातला वायरलेस

आमच्या थोरल्या साडूंएवढा बोलणारा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याएवढा कमी ऐकणाराही. कान ठणठणीत होते, ऐकायची सवय तेवढी नव्हती. असा माणूस वायरलेसच्या नादी लागला, म्हणजे बघा! पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी ट्रकात बसवून एकमेकांशी बोलायचे दोन जुने सीबी रेडिओ आणले. “ट्रकात चालतंय तर घरात का न्हाय चालणार?” म्हणत जळोचीच्या घरी दिवाणाखाली ट्रॅक्टरची बॅटरी सरकवली, गच्चीवर पाण्याच्या टाकीला अँटेना बांधली आणि सरकारी लायसन फ्रेम करून भिंतीवर टांगलं. तेव्हापासून शेजाऱ्यांच्या टीव्हीला मुंग्या आल्या. रविवारी ऐन सिनेमात नायिका रडायला लागली की मागून साडूंचा आवाज, “हॅलो, टेस्टिंग!” शेजारीण भांडायला आली, तर तिलाच चहा पाजून यंत्राची माहिती दिली.

दुसरा सेट लेकीसाठी होता. एकुलती एक पोर भवानीनगरला दिलेली. मोबाईल तेव्हा कुठले, आणि साध्या फोनचा नंबर लागता लागता नातवंडं शाळेत जायची. म्हणून लग्नात लाडू-करंज्यांच्या रुखवतात मधोमध हा काळा डबा मांडला, वर क्रोशाचा रुमाल. विहीणबाई दचकून म्हणाल्या, “बाई गं, ह्यो फुटत तर न्हाय ना?”

ह्या यंत्रावर बटण दाबलं की बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं आणि बटण सोडून ऐकायचं. मांडवपरतणी होऊन लेक सासरी गेली आणि साडू रोज संध्याकाळी बटण दाबून “जयभीम बाळ” म्हणत सुरू व्हायचे. म्हशीचं, उसाचं, माझ्या नव्या चपलांचंसुद्धा सगळं सांगून सेट बंद! वर घोर लावून घेतला, “पोरगी एक शब्द बोलत न्हाय. तितं तिला तरास तर न्हाय ना?” त्यांना घास उतरेना, माणूस निम्मा झाला. शेवटी एका संध्याकाळी त्यांची बायको, म्हणजे आमची मेहुणीच कडाडली, “अवो, बटन सोडा की! जल्मभर दाबून धरलंय, आता तरी सोडा!”

साडूंनी अंगठा उचलला. डब्यातून आधी विहीणबाई आल्या, “व्याही, रोज तुमचंच ऐकतोय आमी. पोरगी खुशाल हाय. घ्या, बोलतीया. ओव्हर.” मग लेकीचा आवाज आला, “अण्णा…” आणि आमचे साडू चक्क रडले.

त्यानंतर त्यांना ‘ओव्हर’चं वेडच लागलं. “भाजी वाढ, ओव्हर.” माझ्याकडे वळून, “बोला पाव्हणं, ओव्हर.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पाळी आली, तर मला काही सुचेना!

पुढे दोन्हीकडे फोन आले. फोनला बटण नाही, त्यामुळे साडूंची गाडी पुन्हा सुसाट. लेक हसून म्हणायची, “अण्णा, फोन ठेवा. डब्यावर या.”

एकदा असाच गेलो, तर साडू माईक हातात धरून, डोळे मिटून बसलेले. लेक तिच्या घरातलं काहीबाही सांगत होती. तिचं संपलं, ‘ओव्हर’ही म्हणून झालं, तरी ह्यांचा अंगठा बटणाकडे जाईना.

“अण्णा, बोला की,” मी म्हटलं.

“थांबा जरा,” ते हळूच म्हणाले, “आजून काय तरी म्हणंल ती.”