दिवाळीचा किल्ला आणि माझा फ्रेंच चित्रकार

तिसऱ्या वर्षाला कलेच्या इतिहासासाठी प्रत्येकाला एकेक चित्रकार दिला होता. माझ्या वाट्याला दोनशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच माणूस आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला ते अजून नीट उच्चारता येत नाही.

तो रेशीम विणणाऱ्यांच्या शहरात वाढला. जुने राजे, राण्या, सरदार हे त्याचे विषय, पण लढाया जवळजवळ नाहीतच. चित्रं लहान. रंगीत काचेच्या खिडकीशी एकटी बसलेली विधवा राणी, तिच्या पायाशी कुत्रा. सगळं इतकं डोळ्यांनी पाहिल्यासारखं, की मी पहिल्या मसुद्यात त्याला त्या राजांच्याच काळात जन्माला घातलं.

मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली. "तो त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी जन्मला. मग त्यानं हे का काढलं? सुट्टीनंतर तुझ्या शब्दांत सांग. नाहीतर मला तुला पास करता येणार नाही."

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. हे घरी कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं. दिवाळीला गावी औंढ्याला आले, पण फराळाला हात लावत नव्हते.

दादा जवळच तुंगार्लीत एका बंगल्यावर माळीकाम करतो. दर दिवाळीला अंगणात किल्ला तोच बांधतो. "लगीन झालं तरी याचा किल्ला सुटंना," आई म्हणाली. वहिनी हसली. दादानं लक्षच दिलं नाही. त्यानं लोहगडाच्या पायथ्याची माती आणली होती, अळीव पेरून झाले होते. वर महाराज बसवले आणि त्यांच्या शेजारीच जात्यावर दळणारी बाई ठेवली.

"दादा, तिथं जातं कसं असेल?"

"का? राजा रोज लढाईच करत व्हता व्हय? जेवत न्हाई का कधी?"

मग त्यानं पुठ्ठ्याच्या खिडकीला लाल जिलेटिन चिकटवलं आणि मागं पणती ठेवली. महाराजांच्या पायांवर तांबडा उजेड पडला. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. माझ्या राणीच्या चित्रात असाच उजेड होता.

कॉलेजात मी चित्रांबरोबर किल्ल्याचा फोटो दाखवला. म्हटलं, फ्रान्सच्या क्रांतीत चर्च फुटली, थडग्यांवरचे पुतळे उचलून पॅरिसच्या एका संग्रहालयात ठेवले. तिथे जाऊन माझा चित्रकार ते बघायचा. राजे गेले होते, म्हणून त्यानं त्यांना परत घरात बसवलं. आमचा दादा तेच करतो.

"मग यातलं खरं किती?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणाले, "दगड खरे. कपडे बघून काढलेले. माणसं जवळची वाटावीत म्हणून... मनातली."

मॅडमनी मान हलवली. "बस खाली. झालं तुझं."

झालं म्हणजे पास, हे शेजारच्या मैत्रिणीनं हात दाबला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी घरी येताना बसमध्ये कार्ल्याच्या आधीच झोप लागली. कंडक्टरनं उठवलं म्हणून बरं. घरी दादा किल्ल्यावर पाणी शिंपडत होता. अळीव चांगले वर आले होते.

"काय गं, सोडलं का त्या फ्रान्सवाल्यानं?"

"सोडलं."

"मग त्वांड धू आन् जेव आता. आई कवाची थांबलीय."

त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या.