टोपलीतला फोन आणि काचेवरचा मासा

गेल्या शुक्रवारपासून आमच्या घरात एकच विषय चाललाय... सुहासची गाडी. लिहू की नको असं झालं होतं, पण नवराच म्हणाला, लिही, माझं नाव घालून लिही. मग काय, लिहिते!

इथे कुवेतला सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमची मराठी प्रार्थनाही शुक्रवारी सकाळी. फिंतासला विमलताईंच्या फ्लॅटमध्ये आम्ही जमतो. विमलताई मूळच्या नगरच्या, हॉस्पिटलात सिस्टर आणि सगळ्या बिल्डिंगच्या हक्काच्या. कुणाचं बीपी बघ, कुणाला इंजेक्शन दे... कितीही दमून आल्या तरी नाही म्हणायच्या नाहीत.

त्यांच्या घरचा एक नियम आहे. आत शिरताना फोन सायलेंट करायचा आणि दाराजवळच्या टोपलीत टाकायचा, वर क्रोशाचा रुमाल. प्रार्थनेत मन इकडेतिकडे जायला नको ना.

आणि कुवेतचीही एक पद्धत आहे. दुसऱ्याच्या गाडीमागे गाडी लावली, तर काचेजवळ आपला मोबाइल नंबर ठेवून जायचा. त्याला निघायचं असलं की तो फोन करतो, आपण खाली येऊन गाडी काढतो.

सुहासने दोन्ही पाळलं. बिल्डिंगच्या पार्किंग शेडमध्ये इस्माईलभाईंच्या गाडीमागे गाडी आडवी लावली, काचेजवळ नंबर ठेवला, वर आला... आणि फोन टोपलीत टाकला! मी सांगत होते, सुपरमार्केटच्या मागे जागा आहे, तिथे लाव. तर म्हणे, एवढ्या उन्हात कोण चालत येणार?

इस्माईलभाई तळमजल्यावर राहतात, दापोलीकडचे, कपड्यांचं दुकान आहे. त्यांच्या अम्मी सध्या त्यांच्याकडे आल्यात. शुगरमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नाही, म्हणून विमलताई ड्युटीवरून आल्या की आधी त्यांचं ड्रेसिंग करतात आणि मग वर येऊन स्वतःचा चहा ठेवतात.

त्या दिवशी साक्ष द्यायची पाळी सुहासची होती. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. आपल्या वागण्यातून लोकांना प्रभू दिसावा, त्यालाही आम्ही साक्षच म्हणतो. आणि हा बाबा एकदा उभा राहिला की बसतोय कशाला... तो कामाला आहे त्या शुऐबाच्या प्लांटमध्ये सगळे त्याच्यावर कसे डोळे मिटून विश्वास ठेवतात, ते रंगात येऊन सांगत होता.

तेवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. लांबलचक... मग परत. कुणीतरी म्हणालं, काय लोक आहेत, शुक्रवारी तरी शांतता! मग गाणं सुरू झालं, ढोलकी आली... हॉर्न वाढला तसा आमचा आवाजही चढला.

दार धाडधाड वाजलं तेव्हा कुठे आम्ही थांबलो. बिल्डिंगचा वॉचमन घामाने निथळत उभा होता. "गाडी! गाडी हटाव! नीचे मामा मरता!"

मामा म्हणजे इथल्या बोलीत आई... इस्माईलभाईंच्या अम्मी! विमलताई अनवाणीच जिन्याने धावल्या. सुहास किल्ली शोधत होता, खिशातच होती तरी त्याला सापडेना. मी रुमाल उचलला तर त्याचा फोन तेव्हाही लुकलुकत होता, इस्माईलभाईंचाच कॉल.

खाली अम्मी गाडीत मागच्या सीटवर होत्या. तोंड उघडं, श्वास पुरेना, ओठ निळे पडलेले. अँब्युलन्सला फोन केला होता, पण ती अजून आली नव्हती. सुहासने गाडी मागे घेतली, विमलताई अम्मींना सरळ धरून आत बसल्या आणि ते सुसाट गेले.

आम्ही त्या उन्हात उभे. सुहासच्या गाडीच्या मागच्या काचेवर माशाचं स्टिकर आहे... आम्हा ख्रिस्ती लोकांची खूण, हौसेने लावलेलं. सगळे त्या माशाकडे बघत होते.

वर पुलाव झाकलेला तसाच राहिला. दुपारी विमलताईंचा फोन आला... फुफ्फुसात पाणी झालंय, आयसीयूत आहेत, आत्ता काहीच सांगता येत नाही. सुहास भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करत होता. मला त्याची कीवही येत होती आणि रागही.

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलात गेलो. वाटेत हा काय काय बोलायचं याची तयारी करत होता. मी म्हटलं, "आता तिथे साक्ष देऊ नकोस, नुसती माफी माग!"

इस्माईलभाई आयसीयूबाहेर बसले होते. सुहासने नुसते हात जोडले. मला वाटलं, आता हे चार शिव्या घालणार... घालाव्यातच, असंही वाटलं.

ते शांतपणे म्हणाले, "वॉचमन केव्हाचा वर येतो म्हणत होता. मीच थांबवलं त्याला. काचेवरचा मासा बघितला... म्हटलं, ताईंकडची माणसं आहेत, प्रार्थनेला बसलीत, फोन बघितला की येतीलच."

सुहास तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर इस्माईलभाईंनी तेव्हाच दार बडवलं असतं हो! विमलताईंनी रोज खाली वाकून जे नाव कमावलं, त्या नावावर ते थांबले... आईचा श्वास कोंडत असताना थांबले.

अम्मी वाचल्या. काल घरी आल्या. प्रभूचे किती आभार मानू...

आज सुहासने गाडी सुपरमार्केटच्या मागे लावली आणि उन्हातून चालत आला. टोपली आहे तिथेच आहे, पण एक जण आता फोन चालू ठेवून दाराशी बसतो. आज तोच बसला होता.

प्रार्थना झाल्यावर तो ब्लेड घेऊन मासा खरवडायला निघाला होता. विमलताईंनी ब्लेड काढून घेतलं. "मासा कशाला काढतोस? उद्या परत कुणीतरी तो बघून थांबेल. तेव्हा खाली ये म्हणजे झालं."

मासा अजून काचेवर आहे. आता तो दिसला की, कुणी आपल्या भरवशावर थांबलंय का, अशी मला धाकधूक वाटते... आणि ती तशीच राहू दे, एवढंच मी प्रभूकडे मागितलंय.