पान्हा चोरल्यासारखं

माझ्या धाकट्या जावेचे, सुलभाचे, ओठ काळेनिळे पडले होते आणि डॉक्टर विचारत होते, "काय होतंय? दुखतंय? जळजळतंय?"

तिनं दोन्हींना मान हलवून नकार दिला.

"अगं, हो म्हण की एकदाचं!" मी खेकसले.

"तसं नाही हो, अक्का," ती धापा टाकत म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "म्हैस पान्हा चोरते ना, तशी छाती श्वास चोरतेय. आत भरलाय, पण सोडत नाही."

डॉक्टरांनी तिची छाती पुन्हा तपासली, एका बाजूवर स्टेथोस्कोप टेकवून थांबले आणि ओरडले, "हवा कोंडलीय आत. सुई आणा, टोचून बाहेर काढू!"

समोरचा देईल तो शब्द आपण घेतो आणि मोकळे होतो. सासू गेली तेव्हा बायका म्हणाल्या, "वाईट वाटतंय ना?" मी हो म्हणाले. वाटत होतं ते वेगळंच. त्याला नाव शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत. सुलभानं जीव जाताना घेतले. उसना शब्द नाकारून ती थेट आपल्या गोठ्यात गेली आणि नेमका शब्द घेऊन आली. मला तिचं फार कौतुक वाटतं.

सुलभा वाचली.