टाचेसाठी ओढलेली रेघ

पाइप सोडला तेव्हा माझी नात सातव्या रेघेवर उभी होती.

पाणी आधी तिच्या बुटांवर आलं, मग रेघेवर. पांढरं होऊन नालीकडे गेलं. पाइप माळ्याच्या हातात होता आणि त्याच्या मागे सोसायटीचा सेक्रेटरी उभा होता. मला म्हणाला, "अंकल, ये अस्पताल का वार्ड नहीं है. बच्चे डर जाते हैं. ऊपर ले जाइए इसे."

रमा नऊ वर्षांची आहे. रक्ताचा कॅन्सर. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. ती माझ्याकडे बघत होती.

आणि मी म्हणालो, "जी साहब."

लिफ्टमध्ये तिने विचारलं, "आबा, तुम्ही जी का म्हणालात?" मी लिफ्टचे आकडे बघत राहिलो.

का म्हणालो ते सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अकोल्याकडून दिल्लीला आलो मामाच्या मागे. मामा मंत्रालयात चपराशी. त्याने मला साहेब लोकांच्या एका क्लबात मैदानावर लावून दिलं. अडतीस वर्षं मी तिथे रेघा ओढल्या. सुतळी ताणायची, खडिया, म्हणजे खडूची पांढरी भुकटी, पाण्यात घट्ट कालवायची आणि चहाच्या जुन्या केटलीतून एका दमात ओतत जायचं. बाकीचे कोरडा चुना टाकत. मी नाही. चुना पोरांच्या डोळ्यांत जातो. माझी रेघ कधी वाकडी गेली नाही, हे कुठेही विचारा.

तिथे दरसाल साहेबांच्या मुलांच्या शर्यती व्हायच्या. एका वर्षी शर्यती संपल्यावर माझा मुलगा रिकाम्या पट्ट्यात धावला. सहा वर्षांचा होता. अनवाणी. एक मॅडम हसत हसतच म्हणाल्या, "लाइन ख़राब कर दी इसने. अपने बच्चे को लाइन के पीछे रखा करो." सगळे वळून बघायला लागले. मी मुलाच्या कानाखाली मारली. त्याची चूक होती म्हणून नाही. त्यांना दिसावं म्हणून. मग गुडघ्यांवर बसून त्याच्या पावलांचे ठसे पुसले आणि रेघ परत ओढली. शर्यती संपल्या होत्या. तरी ओढली.

तोच मुलगा पुढे पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकला, कॉम्प्युटरचा इंजिनीअर झाला. नोएडात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आता मीही त्याच्याकडेच. रमा त्याची मुलगी.

रमाचा आजार कळला तेव्हा मी तिला जमिनीवर पाय टेकवू देईना. पाणी हातात. संडासापर्यंत उचलून. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं. म्हणाल्या, औषधाने तिच्या पायाच्या नसा कमजोर झाल्यात, पंजा लोंबतोय. तुम्ही असं उचलत राहिलात तर पायात आहे तेही बळ जाईल. ताप नसेल आणि डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी तिला चालवा. मोकळ्या हवेत, गर्दीपासून लांब. टाच आधी टेकली पाहिजे. दमली की बसवा.

बाईंचा राग आला मला. पण खरं बोलत होत्या.

रमा बुटाची टोकं घासत चालायची. टाच आधी म्हटलं की दोन पावलं नीट टाकायची, तिसऱ्याला विसरायची. मग मला केटली आठवली. खाली बाकांमागच्या फरशीवर दीड-दीड वितीवर आडव्या रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेवर एक टाच. पहिल्या दिवशी चार झाल्या. दोन आठवड्यांनी सात.

आणि सातव्या रेघेवर त्यांनी पाइप सोडला.

त्यानंतर मी तिला गच्चीवर चालवू लागलो. लपून. चोरासारखा.

महिन्याभराने तोच सेक्रेटरी मिठाईचा डबा घेऊन आमच्या दारात. सोसायटी वॉक ठेवत होती. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी. बॅनर, टी-शर्ट, बाहेरचे पाहुणे. मी क्लबात रेघा ओढायचो हे कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तर लॉनवर ट्रॅक आखून द्या म्हणाला. आणि बिटियाला स्टेजवर खुर्चीत बसवू, फुगे सोडेल. "लोगों पर असर पड़ेगा, अंकल."

चालण्याचा कार्यक्रम. आणि पोर खुर्चीत.

मी म्हणालो, "जी साहब." या वेळी ठरवून म्हणालो.

मुलगा भडकला. बाबा, तुम्ही कधी बदलणारच नाही का, म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. व्यायामाच्या बाईंना तेवढं फोन करून विचारलं. रिपोर्ट ठीक आहे, लोकांना लांब ठेवा, तिला वाटलं तर चालू द्या, म्हणाल्या. मग रमाला विचारलं. म्हणाली, "वीस करीन."

रविवारी उजाडताच लॉनवर उतरलो. त्यांना चार पट्ट्यांचा गोल हवा होता. मी एकच पट्टा ओढला, स्टेजच्या पुढ्यात, सरळ. आत वीस आडव्या रेघा, दीड-दीड वितीवर. दोन्हीकडे दहा पावलं सोडून एकेक लांब रेघ. ती लोकांसाठी.

टी-शर्ट घालून सगळे आले. ट्रॅक कुठे आहे विचारू लागले. मी म्हटलं, हाच. वॉक हिच्यासाठी आहे ना? मग ही चालेल. तुम्ही बघा.

सेक्रेटरी हसत पुढे आला, रमाचा हात धरायला. त्याचा बूट लांब रेघेवर पडला. मी केटली घेऊन समोर उभा राहिलो.

"लाइन ख़राब हो रही है, साहब. पीछे."

तो पाहुण्यांकडे बघायला लागला. पाहुणे त्याच्याकडे. मी हललो नाही. तो मागे गेला.

रमा चालली. आठव्या रेघेनंतर बसली. बाराव्याला पंजा आधी टेकला, तर आपणहून मागे जाऊन परत टाकला. त्यानंतर पुन्हा बसली. तोवर सगळी सोसायटी उन्हात उभी. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी कुणालाही हलू दिलं नाही. त्यांना ताटकळताना बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? अडतीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

वीस झाल्या. मुलगा मागे उभा होता. त्याने हा माझा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या थपडेची भरपाई होत नाही. तीही माझीच आहे, ती मी घेऊन जाईन.

आता सोसायटीने फ्लॅटच्या मालकाला पत्र पाठवलंय, की भाडेकरूचे वडील शिस्त मोडतात. मुलगा काळजीत आहे. मी म्हटलं, घर बदलू, पण ते काढतील तेव्हा. आपण होऊन नाही.

रमा पूर्ण बरी होईल का, डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारत नाही.

गच्चीवर जाणं बंद केलं. रोज सकाळी केटली घेऊन खाली उतरतो आणि सेक्रेटरीच्या बाल्कनीखाली वीस रेघा ओढतो. तो माळ्याला पाइप सोडायला लावतो. ओल्या फरशीवर खडिया धरत नाही, म्हणून वाळेपर्यंत तिथेच उभा राहतो. मग परत ओढतो. रमाला ताप असतो, ती खाली येऊ शकत नाही, त्या दिवशीही ओढतो. त्या दिवशी तर जास्त जाड ओढतो.

त्याने वरून रिकाम्या रेघा बघाव्यात म्हणून.