दसऱ्याला पूजलेल्या कुबड्या

"हात लावू नको गो ताय!" हे तिचं दिवसातलं पहिलं वाक्य. आपण नुसता तिचा पदर सारखा करायला पुढे झालो, तरी कोपर आडवं यायचं.

बिरवाडीत तरुण अपंग मुलींचं आमचं एक घर होतं. सहा मुली आणि देखरेखीला मी. आपलं आपण करायला शिकायचं, हा तिथला एकच धडा. त्यातली ही उमरठची, बावीस वर्षांची, लहानपणी पोलिओने दोन्ही पाय लुळे झालेले. कुबड्यांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे तिनेच बांधलेले. खाटेच्या कठड्याला गाठी मारलेला दोर. त्याला धरून ती उठायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जशी काही रायगड चढून आली.

एकदा ताप होता म्हणून मी पेज भरवायला बसले. चमचा हिसकावून घेतला बयेने! अर्धी पेज चादरीवर. "सांडली तर सांडली. माजी हाय," म्हणाली. आधी राग आला मला, मग हसू आलं.

दिवाळीनंतर ती शेजारच्या चाळीत स्वतःची खोली घेणार होती. शिवणकाम हातात बसलं होतं, खोली बघून झाली होती. दिवस मोजत होती नुसती. भाऊ मात्र पहिल्याच दिवशी बजावून गेलेला, "ताय, कुठं पडली-बिडली तर मी घरी नेनार. मंग नाय म्हनायचं नाय."

आणि त्या दसऱ्याला मला अवदसा आठवली. कारखान्यांत यंत्रांना हार घालतात, दुकानदार तराजू पूजतात. म्हटलं, आमच्या पोरींची हत्यारं काय कमी आहेत? कुबड्या, काठ्या, जाड मुठीचे चमचे, सगळं चौरंगापुढे मांडलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. काय छान दिसत होतं हो! पूजेला बसवलेली वस्तू संध्याकाळच्या आरतीपर्यंत हलवायची नाही, ही माझ्या माहेरची रीत. तीच तिथे लावली.

"माजं पाय कशाला पूजंला बसवतंस?" ती म्हणाली.

"एक दिवस गो. लागलं तर हाक मार. मी आहे की."

तुम्हीच सांगा, हाक मारणाऱ्यातली होती का ती? दुपारी मी आपट्याची पानं निवडत बसले आणि ही भिंतीला धरून एकटीच मोरीकडे गेली. ओल्या पायरीवर पडली. मांडीचं हाड मोडलं. एसटीडी बूथवरून भावाला फोन मीच केला. पडली कशी, तेही मीच सांगितलं. बजावलं होतं तसं तो दवाखान्यातून तिला थेट उमरठला घरी घेऊन गेला.

दोन महिन्यांनी उमरठला गेले. ती अंथरुणाला खिळलेली. वहिनी घास कालवून मायेने भरवत होती आणि ती तोंड उघडत होती. मला बघवेना. "चुकलं गो माझं," म्हणत मी तिथेच रडायला लागले.

"रडू नको गो ताय," ती म्हणाली. "येक काम कर. त्या खोलीच्या मालकाला सांग, दाराची कडी परत वर लाव. माज्या हाताला यावी म्हनून मी खाली लावून घेतलेली. आता येल त्याला वाकावं लागंल."

कडीचं मला तिने कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. त्या खोलीत कारखान्यातली माणसं येतात, जातात. मालकाला मी अजून काही सांगितलेलं नाही. वाकू देत.