दादांनी वाचलेली दिवाळी

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते. भवानी पेठेत आमच्या आजूबाजूला सगळे हातमागवाले. बहुतेकांना मराठी वाचता येत नसे, म्हणून संध्याकाळी माग थांबले की दादा ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचून दाखवत. छापलंय ते सगळं वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे मास्तरांनी वाचलं म्हणजे ते खरंच, असं पेठेत होऊन बसलं होतं.

एकोणचाळीस साली लढाई लागली. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, मग आपली पोरं तिकडे मरायला कशाला पाठवायची, असं दादा पेपर बाजूला ठेवून उघड म्हणत. ते गावातल्या साप्ताहिकाच्या कानावर गेलं. पुढच्याच अंकात ‘भवानी पेठेतला एक मास्तर’ शत्रूचा हस्तक ठरला. लेखाच्या शेवटी ग्वाही होती, की दिवाळीच्या आत लढाई संपणार, तरुणांनी बिनघोर भरती व्हावं. संपादक जणू दोन्हीकडच्या सेनापतींशी बोलून आला होता!

तो लेखही दादांनी वाचला. स्वतःवरच्या शिव्या, ती ग्वाही, सगळं त्याच ठणठणीत आवाजात. मी रागाने दारातून आत निघून गेले.

“एवढं तरी गाळायचं,” आई नंतर म्हणाली.

“आज गाळलं तर उद्या माझ्यावर विश्वास कोण ठेवील?”

विश्वास लोकांनी ठेवला, पण नको त्या ओळीवर. शेजारच्या विधवा मावशींचा एकुलता एक मुलगा आठवड्यातच भरती झाला. दिवाळीनंतर त्याचं लग्न करायचं, म्हणून मावशींनी घरातल्या एकमेव मागावर सुनेचं लुगडं विणायला घेतलं. दादा धावत समजवायला गेले. “बाई, ते संपादकाचं म्हणणं आहे, माझं नाही.”

मावशी हसल्या. “तुमीच वाचून दाखिवलं की, मास्तर.”

त्यांच्या घरची रीत अशी, की लग्नाचं लुगडं नवरदेवासमोरच मागावरून कापायचं. विणून झालं तरी ते तसंच राहिलं आणि मागही अडकून पडला. इकडे आमच्या ओट्यावर कुणी फिरकेना. हस्तकाजवळ बसलेलं कुणी पाहिलं तर, ही धास्ती. शाळेनेही दादांना तोंड आवरायला बजावलं. मग ते एकटेच बसून मनातल्या मनात पेपर वाचत. त्यांना तसं वाचताना पाहिलं की मला रडू येई.

दिवाळी आली, लढाई चालूच होती. मुलगा कुठल्या छावणीत आहे तेही धड कळत नव्हतं. पाडव्याच्या संध्याकाळी मावशी एकट्याच ओट्यावर आल्या.

“मास्तर, वाचा की. लढाई कदी संपतीया, लिवलंय का त्यात?”

दादांनी पेपर उघडला. मी त्यांच्या मागेच उभी होते, मला पान दिसत होतं. लढाई संपण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. दादांनी घसा खाकरला आणि त्याच ठणठणीत आवाजात वाचलं, “संक्रांतीपर्यंत संपेल.”

मावशी समाधानाने घरी गेल्या. दादांनी पेपरची घडी घातली. त्यानंतर त्यांनी कधीच कुणाला पेपर वाचून दाखवला नाही.